बेटावरून काशीचं पत्र

॥ श्री ॥

पेणकरपाडा, मीरा रोड
११ जानेवारी २०२६

ती. शैलाताईंना मंदाचा सा. न. वि. वि.

तुमची बोट सुटून पाच दिवस झाले. बोट पोचत नसते, चालत असते, असं आमची इशिता म्हणते. चालू दे. पण दोन ओळी लिहायला बोटीत पेन मिळत नाही काय?

मी हे वहीच्या कागदावर लिहितेय. इशिता फोटो काढून तुमच्या फोनवर टाकेल. मोबाइलवर बटणं दाबत लिहिणं माझ्यासारख्या चौथी पास बाईला जमत नाही, आणि बोलून पाठवलं तर आई ऐकतात. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान अजून चोराचे आहेत. तुम्हीपण कागदावरच लिहा. आईंसाठीचं पत्र वेगळ्या कागदावर, म्हणजे इशिता नाक्यावरून त्याचीच तेवढी प्रिंट आणेल.

आता ऐका इथली कथा. तुम्ही दोघं काशीला गेलात हे आईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलंय. वर मावंद्याचं आमंत्रणसुद्धा देऊन झालं. समोरच्या हंसाबेनला मावंदं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तर तिला हिंदीत समजावलं की मेरा पंढरी गंगा लेके आयेगा, मग गंगेची पूजा, मग जेवण. पस्तीस पानं धरलीत म्हणे. हंसाबेन मला विचारते, कांदा-लसूण नसेल ना. मी काय सांगू? काशी नाही आणि गंगा नाही, तर कांद्याचं काय घेऊन बसलीस?

भाऊजींनी जाताना आईंना सांगितलं की तुला चालवत नाही, मी तुझ्या नावाने जाऊन येतो. सरळ बोटीने फिरायला जातोय म्हणाले असते तर आईंनी चार दिवस तोंड फुगवलं असतं आणि पाचव्या दिवशी विसरल्या असत्या. पण बाबा गेल्यापासून बारा वर्षं काशीला नेतो, नेतो म्हणून ठेवलं होतं ना, म्हणून तोंड नव्हतं खरं सांगायला. आणि ते खोटं सांभाळायला कोण, तर मंदा. तुमच्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावरून आमचं पेणकरपाडा दिसतं. तिथून हात केला असता तरी चाललं असतं.

एक विचारतात रोज, पंढरीने काशीत काय सोडलं. काशीला गेल्यावर आवडीची एक वस्तू सोडायची असते ना कायमची. तर काय सोडलं ते ठरवून कळवा. जे भाऊजी खरंच खात नाहीत असं काहीतरी सांगा, नाहीतर उद्या माझ्या घरी येऊन तेच मागतील.

यांचं कामावर ठीक. काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये ट्रकचे पार्ट मोजून मोजून कंबर गेलीय, पण बोलत नाहीत. तुमचे धाकटे दीर कधी बोलतात?

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायला मला सवड नाही.

तुमची जाऊ,
मंदा

*

माले बंदर
१४ जानेवारी

चि. सौ. मंदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघं खूप हसलो. हे म्हणाले, मंदाला पेन दिलं की तलवार लागत नाही. रागावू नकोस गं. आज संक्रांत, तिळगूळ घे आणि गोड बोल, निदान मी परत येईपर्यंत!

बोट म्हणजे एक गावच आहे. बारा मजले, तीन जेवणघरं, सकाळी डेकवर योगा. आज संध्याकाळी आम्ही मालेहून निघू आणि मग सात दिवस नुसतं पाणी. कुठेही जमीन नाही. पण त्यानंतर बावीस तारखेला सकाळी सात वाजता मॉरिशस! सगळी बोट त्याच एका दिवसाची वाट बघतेय. आमच्या टेबलवरचे एक गृहस्थ दोनदा जाऊन आलेत. ते सांगतात, तिथलं पाणी आपल्याकडच्यासारखं मातकट नाही, काचेसारखं निळं, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसतात. आम्ही काचेच्या तळाची होडी बुक केलीय. त्यातून जवळच्या एका छोट्या बेटावर नेतात, तिथे नारळाच्या झाडांखाली जेवण. यांनी फुलाफुलांचा शर्ट घेतलाय आणि तो बावीसलाच घालणार म्हणून कपाटात वेगळा टांगलाय. रोज सकाळी उठून मला सांगतात, अजून नऊ दिवस, अजून आठ दिवस. बँकेत चौतीस वर्षं घासली, मी त्यांना असं लहान मुलासारखं कधीच पाहिलं नव्हतं गं. माझीही शाळा सुटून दोन वर्षं झाली, पण सुटल्यासारखं आता वाटतंय.

आईंसाठीचा कागद सोबत आहे. जरा सावकाश, भाव देऊन वाच.

आईंच्या गोळ्या वेळेवर दे. तुझी आठवण निघतेच.

तुझी,
शैलाताई

(सोबतचा कागद)

श्रीक्षेत्र काशी

ती. आईंच्या चरणी शैला व पंढरीनाथ यांचे साष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत. काल पहाटे गंगास्नान झाले. पाणी अतिशय थंड होते, तुमच्या नावाने तीन डुबक्या घेतल्या. विश्वनाथाचे दर्शन छान झाले. यांनी कारले सोडले. इथे गर्दी फार असल्याने फोन लागत नाही, काळजी करू नये. गंगा भरून घेतली आहे. तब्येतीस जपावे.

*

॥ श्री ॥

पेणकरपाडा
१६ जानेवारी

ती. शैलाताईंना सा. न. वि. वि.

आईंना परवापासून ताप आहे. थंडी वाजून येतो. काल काशीमीऱ्याच्या डॉक्टरकडे रिक्षातून नेलं, ट्रकच्या लायनीत अर्धा तास अडकलो, आई माझ्या मांडीवर डोकं टाकून पडून होत्या. छातीत कफ झालाय म्हणाले. इंजेक्शन दिलं, घरी आणलं. सांगायचं काम माझं, सांगितलं.

तुमचं काशीचं पत्र वाचून दाखवलं. मी काही भाव देऊन वाचत नाही, मला अक्षर लावत वाचावं लागतं, त्यात मध्येच आई थांबवतात. तीन डुबक्यांपर्यंत आले तर म्हणाल्या परत वाच. परत वाचलं. मग पुन्हा परत. चार वेळा तुम्हाला गंगेत बुडवलं मी. डोळ्यांतून पाणी काढलं त्यांनी. आणि कारल्याला काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, पंढरी कारलं कधी खातच नव्हता, त्याने सोडून काय सोडलं. म्हटलं ना तुम्हाला, कान चोराचे आहेत. डोकंपण तसंच आहे.

वर काशीचा पत्ता मागत होत्या, तिळगूळ पोस्टाने पाठवायला. मी म्हटलं धर्मशाळेला पत्ता नसतो. मला आता झोपेतपण खोटं बोलायची सवय लागेल.

ही मजा नाही हं, ताई. ताप एकशे दोनवर आहे. भाऊजींना नीट सांगा.

मंदा

*

समुद्रात
१७ जानेवारी

चि. सौ. मंदास आ.

पत्र वाचून काळजी वाटली. पण मंदा, घाबरू नकोस. थंडीच्या दिवसांत या वयात कफ होतोच. मागच्या वर्षीही तू आम्हाला असंच धावत बोलावलंस आणि आम्ही आलो तर आई गॅलरीत बसून मटार सोलत होत्या, आठवतं ना? तू मनाची चांगली आहेस, पण पटकन हबकतेस.

हळदीचं दूध दे, वाफ दे. आम्ही चारी बाजूंनी पाण्यात आहोत. मनात आणलं तरी बावीसच्या आधी पाय टेकायला जमीनच नाही. तुझं पत्र ऐकल्यापासून यांचं जेवणातही लक्ष नव्हतं. मीच त्यांना डेकवर घेऊन गेले. म्हटलं, आई तुमच्या काशीयात्रेवर खूश आहेत, तो आनंद मोडू नका. आता पाण्याचा रंग बदलायला लागलाय, बेट जवळ आलं की असं होतं म्हणतात.

आईंना सांग, आम्ही रोज त्यांच्यासाठी देवाला दिवा लावतो. (खरंच मनात लावतो गं.)

तुझी,
शैलाताई

*

॥ श्री ॥

पेणकरपाडा
१९ जानेवारी

भाऊजी आणि ताई, दोघांना नमस्कार. आता वि. वि. नाही, सरळ लिहिते.

आईंनी तोंड मिटलंय. परवा संध्याकाळपासून पाणी घेत नाहीत, दूध नाही, गोळी नाही. चमचा नेला की ओठ घट्ट. का, तर त्यांना वाटतंय वेळ आलीय, आणि आता तोंडात पडायची ती पंढरीच्या हातची गंगाच. त्याआधी दुसरं काही नको. दोन दिवसांत येईल तो, म्हणतात. गंगा भरून घेतलीय असं तुम्हीच लिहिलंत ना? तेच धरून बसल्यात.

डॉक्टर घरी येऊन गेले. ते म्हणाले, छाती सुधारतेय, तापपण उतरलाय. पण पाणी नाही घेतलं तर म्हातारी सुकून जाईल. सलाईन लावलं, ते त्यांनी हात हलवून हलवून काढलं. दुसऱ्या हाताला लावलं, तो सुजला. आजाराने नाही, त्या तुमच्या तीन डुबक्यांनी मरतायत. समजलं का? मी वाचून दाखवलं म्हणून माझ्यापण पापात आलं ते.

आता ऐका. इशिताने सगळं बघून ठेवलंय. बावीसला सकाळी बोट मॉरिशसला लागते. तिथे विमानतळ आहे. त्याच रात्री मुंबईचं विमान आहे, तेवीसला सकाळी भाऊजी इथे. बेट म्हणजे तुम्हाला फिरायला असेल, मला ते एवढ्यासाठी पाहिजे की तिथे जमीन आहे आणि तिथून विमान सुटतं. नंतर तुम्ही थेट आफ्रिकेकडे जाणार, मग कधी?

ताईंना नसेल यायचं तर नको. त्यांनी होडीत बसावं, नारळाखाली जेवावं, मला काही म्हणायचं नाही. शाळेत पोरं सांभाळून त्यापण दमल्यात. पण भाऊजी, तुम्ही उतरा. हातात कसलीपण गंगा घेऊन या, नळाची आणा, पण तुम्ही या. त्यांनी तुमचा हात ओळखला की तोंड उघडतील.

हे बाजूला बसून नुसते पाय दाबतायत. म्हणतात, दादा येईल. लहानपणापासून हेच म्हणतायत.

उत्तर आजच पाहिजे.

मंदा

*

समुद्रात
२१ जानेवारी

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

मंदाचे पत्र मिळाले. ती भावनेच्या भरात लिहिते, म्हणून तुलाच लिहीत आहे.

मी दोन दिवस विचार केला. मी उतरून येणे व्यवहार्य नाही. शैलाला एकटीला सोडता येत नाही, आणि बोटीचे नियम कडक आहेत, मध्येच उतरले की परत चढू देत नाहीत. शिवाय मी येऊन आईला काय सांगू? काशीहून आलो तर गंगा कुठे आहे म्हणून विचारेल. तिच्यासमोर उभे राहून मला खोटे बोलता येणार नाही, तुला माहीत आहे.

म्हणून असे कर. भाईंदर स्टेशनजवळच्या पूजेच्या दुकानात गंगाजलाचे सीलबंद गडू मिळतात. तांब्याचा, चांगल्यापैकी घे. दादाने काशीहून पार्सलने पुढे पाठवला असे आईला सांग. सोबत आईसाठी वेगळे पत्र आहे, ते मंदाने वाचून दाखवावे आणि तू तुझ्या हाताने पाणी तोंडात घाल. माझे नाव घेऊन घाल. गंगा ती गंगाच, तिला समाधान मिळेल आणि ती शांतपणे जाईल. चौऱ्याऐंशी वर्षे म्हणजे काही कमी नाहीत.

पुढचे काही झाले तर तू धाकटा असलास तरी अग्नी दे, माझी हरकत नाही. लगेच कळव.

मंदाला म्हणावे, घरातली ही लाज आता तिच्या हातात आहे.

तुझा,
दादा

ता. क. मंदा, शैला लिहितेय. हे रडले गं. तू रागावू नकोस. उद्या सकाळी सातला बेट लागतंय, पण आम्हा दोघांचं मन कशातच नाही. होडीचं बुकिंग आता रद्द होत नाही म्हणून जाऊन येऊ.

*

॥ श्री ॥

पेणकरपाडा
२३ जानेवारी

पंढरीनाथ भाऊजींना मंदाचा नमस्कार.

तुम्ही पत्र यांना लिहिलंत, उत्तर मी देतेय. यांना लिहायला सांगितलं तर कागद घेऊन गल्लीत जाऊन बसले.

हे काल सकाळी भाईंदरला जाऊन गडू घेऊन आले. तांब्याचाच, चांगल्यापैकी, तुम्ही म्हणालात तसा. मी बेसिनमध्ये धुतला, त्यावरचा दुकानाचा कागद नखाने काढला. म्हणजे बघा, मीपण तयार होते. मी काही देवमाणूस नाही. चार दिवस पाण्याशिवाय पडलेलं माणूस घरात असलं की कुणीपण काहीपण करेल.

आईंच्या उशाशी बसले. हे पायाशी. तुमचं पत्र वाचायचं होतं, दादाने पार्सल पाठवलं वगैरे. पत्र लांबच राहिलं. नुसतं म्हटलं, आई, गंगा आली. तर त्यांनी तोंड उघडलं, भाऊजी. चार दिवस चमच्याने उघडत नव्हतं ते तोंड, पक्ष्याच्या पिल्लासारखं उघडलं आणि डोळे मिटून घेतले. जीभ पांढरी पडली होती, ओठाला भेगा. आणि त्या उघड्या तोंडात मी भाईंदरचं दुकान ओतणार होते.

नाही झालं माझ्याच्याने. गडू खाली ठेवला आणि सांगून टाकलं. म्हटलं, ही काशीची नाही. पंढरी काशीला गेलेलाच नाही. तो आणि ताई बोटीतून फिरायला गेलेत, आज मॉरिशस नावाच्या बेटावर आहेत. मी वाचलेली पत्रं सगळी खोटी, डुबक्या खोट्या, कारलं खोटं. तो येत नाहीये. यांनी माझं तोंड दाबायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

आई कितीतरी वेळ छताकडे बघत होत्या. मला वाटलं, गेल्या. मी मारलं त्यांना. मग त्यांनी विचारलं, कुठे म्हणालीस, बेटावर? म्हटलं, हो. तिथे काय आहे म्हणाल्या. मी सांगितलं, निळं पाणी आहे, नारळाची झाडं आहेत, काचेच्या होडीतून फिरवतात. ताईंनी लिहिलेलं सगळं सांगितलं. फुलांच्या शर्टाचंपण सांगितलं. त्यावर म्हणाल्या, मग मी कुणासाठी तहानलेली पडलेय?

आणि चहा मागितला. पाणी नाही, चहा. अर्धा कप बशीतून प्यायल्या, खोकल्या, परत प्यायल्या. संध्याकाळी पेज घेतली. आज सकाळी भिंतीला टेकून बसल्यात. डॉक्टरांनी बघून सांगितलं, म्हातारी वाचली. आठ-दहा दिवसांत हिंडायला लागेल म्हणे.

तुम्हाला वाटेल, मंदा जिंकली. तसं काही नाही. तो चहा त्या माझ्या हातून प्यायल्या नाहीत. मी बशी धरली तर तोंड फिरवलं. इशिताला बोलावलं. मला म्हणाल्या, तू एकवीस वर्षं माझं हागणं-मुतणं काढलंस त्याला मी कधी नाही म्हणणार नाही, पण तू मला चारदा गंगेत बुडवलंस आणि मी रडताना बसून बघितलंस. खरं आहे. बसून बघितलं मी. तुमच्याकरता बघितलं. आता जेवण इशिता भरवते, वेणी इशिता घालते, मी फक्त भांडी घासते. तुम्ही नऊशे कोसांवर खोटं बोललात, मी उशाशी बसून बोलले, म्हणून मला शिक्षा जवळची.

दुपारी हंसाबेन बघायला आली. पंढरीभाई आया क्या काशी से, म्हणून विचारलं. मी म्हटलं, झालं आता, आई बोलणार आणि गल्लीत तमाशा. तर आई हसल्या. म्हणाल्या, अभी टाइम है, उसको उधर बहोत अच्छा लगा, बोलता है इधरच रहूंगा. मावंद्याचं विचारलं तर म्हणाल्या, पंढरीने काशीत कायमचं सोडलंय एक, म्हणून येणार नाही. काय सोडलं म्हणून तिने विचारलं, त्यावर मान फिरवून पडून राहिल्या. म्हणजे आता घरात खोटं बोलणाऱ्या त्यापण झाल्या, भाऊजी. मुलगा बोटीत बसून मजा करतोय आणि मरणाला येत नाही, हे चार लोकांत सांगायची त्यांना लाज वाटते.

तुम्ही लिहिलं होतंत ना, लगेच कळव, म्हणून कळवतेय. आता उतरू नका. घाई करू नका, आफ्रिका बघा. आल्यावर इथे याल, तेव्हा आधी फोन करा. दार मी उघडीन. आत कुणी बोलेल याची खात्री मी देत नाही.

आईंनी तुमच्यासाठी निरोप दिलाय. शब्द त्यांचे आहेत, मी घातलेलं काही नाही. पुढे कधी मी मेले तर पंढरीला कळवू नका म्हणाल्या. आणि लोकांनी विचारलं, मोठा मुलगा का नाही आला, तर सांगा, तो काशीला गेलाय.

ताईंना नमस्कार. मायेचं काही मागत नाही. असली तर ठेवा.

मंदा